आमची वाटचाल : डबल ब्रेकच्या गाडीतून डसेलडॉर्फला

२००३ साली कोल्हापुरात शाहूपुरीत दहा बाय बाराच्या गाळ्यात ड्रायव्हिंग स्कूल टाकलं, तेव्हा भांडवल म्हणजे एक सेकंडहँड मारुती ८००, उद्यमनगरात बसवून घेतलेला डबल ब्रेक-क्लच (शिकवणाऱ्याच्या पायाखालचा जादा सेट) आणि बायकोच्या माहेरचं टेबल. परदेशात गाडी भाड्यानं काढून द्यायचा धंदा आम्ही काही शोधून काढला नाही. तो आण्णांच्या पायांनी आला.

आण्णा म्हणजे उद्यमनगरातले फौंड्रीवाले, धातू ओतायचा कारखाना त्यांचा. जर्मनीत डसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गिफा हे फौंड्रीचं मोठं प्रदर्शन भरतं, ते फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. २००७ च्या गिफाला निघायच्या आधी ते गाळ्यात येऊन म्हणाले, "तिथं गाडी मीच चालवणार. उलट्या बाजूनं. शिकवतोस काय?"

मी तोवर बेळगावच्या पुढं गेलो नव्हतो. पण आमच्या गाडीत डावीकडच्या सीटसमोर ब्रेक-क्लच होताच. तिथं आण्णांना बसवलं, स्टेअरिंग माझ्याकडं, आणि पहाटे रंकाळ्याकडंनं फेऱ्या सुरू. आपल्या डोळ्याला सवय असते ती गाडीचा पसारा डावीकडं असल्याची. डावीकडं बसून चालवायचं म्हटलं की तोच पसारा उजवीकडं जातो आणि माणूस नकळत उजव्या कडेला सरकतो. आरसे आणि चाकांच्या रिमा तिथंच घासतात. आठ दिवस नुसतं बसून बघितलं की डोळा बसतो. सर्कल शिकवायला कॅरम बोर्ड काढला. मधल्या गोलाभोवती स्ट्रायकर घड्याळाच्या उलट फिरवायचा, आत आहे त्याला आधी जाऊ द्यायचं. तो बोर्ड अजून आहे, एक कोपरा वाळवीनं खाल्लाय. गाड्या तीन बदलल्या, डबल ब्रेकचा सेट मात्र तोच काढून घालत आलोय.

आण्णा सुखरूप आले. त्यांनी चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी चाळीसांना. पुढची अकरा वर्षं बरी गेली.

आता २०१९. पंचवीस जूनला गिफा सुरू होणार होतं. आमच्याकडनं अकरा जण, तीन गाड्या. बुकिंग मुंबईच्या एका डीलरमार्फत, नेहमीसारखं आगाऊ पैसे भरून. रात्री साडेबाराला फोन वाजला. तिकडं नऊ वाजले होते. आण्णा भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर उभे. "व्हाउचर दाखवलं, पोरगी म्हणती बुकिंगच नाही." डीलरला फोन लावला, बंद. पहाटेपर्यंत बंद. व्हाउचर छापलेलं होतं, पैसे पुढं गेलेच नव्हते. प्रदर्शनाच्या हंगामात उभ्या उभ्या गाडी घ्यायची म्हणजे दर काय असणार, धंद्यातल्या माणसाला कळेल. आण्णांनी स्वतःचं कार्ड दिलं आणि मला एवढंच म्हणाले, "हिशेब आल्यावर. आता झोप."

झोप कसली. त्या सीझनच्या सतरा पार्ट्यांचे साडेनऊ लाख त्याच माणसाकडं होते. सगळ्यांना परत दिले. बायकोच्या पाटल्या गेल्या, कागलकडची जागा गेली. ऑगस्टात पंचगंगा गाळ्यात शिरली आणि फायली, कॉम्प्युटर, टेबल सगळं घेऊन गेली. मार्चमध्ये लॉकडाऊन. पण पाणी आणि रोग यांचा राग धरता येत नाही. राग आहे तो समोरच्याचा.

आमच्याकडं चार वर्षं शिकवायला असलेला पोरगा. ज्याला मी डावीकडं बसवून हे सगळं दाखवलं, त्यानं त्याच दिवाळीत समोर दुकान थाटलं. "त्यांचं दिवाळं निघालंय," हे गल्लीभर त्यानंच केलं. पत्रकात छापलं : क्रेडिट कार्ड लागत नाही, डिपॉझिट लागत नाही. अरे, काउंटरवर डिपॉझिट तू धरतोस की गाडीवाला?

त्याचीच एक पार्टी पुढं माझ्याकडं आली होती. जिनेव्हा विमानतळाला दोन बाजू आहेत, एक स्विस, एक फ्रेंच. फ्रेंच बाजूची गाडी स्वस्त पडते, म्हणून यानं ती काढून दिली आणि सांगितलं काहीच नाही. ही मंडळी दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन स्विस काउंटरवर तासभर भांडली. गाडी मिळाली तर तिच्या काचेवर स्विस हायवेचा टॅक्स भरल्याची पट्टी नाही. ती चाळीस फ्रँकला वेगळी घ्यावी लागते. पट्टीशिवाय गेले, दंड झाला. त्यांच्यातले काका मला विचारत होते, हे कुणी भरायचं? मी चहा पाजला. उत्तर दिलं नाही.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. कार्ड क्रेडिटच हवं, जो चालवणार त्याच्याच नावावर, आणि लिमिट मोकळी ठेवा, डिपॉझिट त्यातच धरतात. तिकिटं-हॉटेलं त्याच कार्डावर करून लिमिट संपवलेली माणसं मी बघितलीत. आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट एक वर्ष चालतं, फी हजार रुपये, पण सोबत मूळ लायसन्स न्यावंच लागतं. गाडी ताब्यात घेताना छत आणि चारी रिमांचे फोटो काढा. इटलीत पंपावर गॅसोलिओ म्हणजे डिझेल, पेट्रोलला बेंझिना. जर्मनीत छोट्या गल्लीत बोर्ड नसला की उजवीकडनं येणारा आधी. तिथं हॉर्न मारून घुसायचं नाही, हे कोल्हापूरच्या माणसाला तीनदा सांगावं लागतं.

२०२३ च्या गिफाला आण्णा परत आमच्याकडनंच गेले. वय बहात्तर. या वेळी पैसे थेट काउंटरवर, मध्ये कुणी नाही. येताना निळ्या पुठ्ठ्याची पार्किंगची चकती घेऊन आले. गाडी लावल्याची वेळ दाखवायला ती काचेमागं ठेवतात. आमच्या गाळ्यातल्या काउंटरच्या काचेखाली ठेवलीय.

यंदा नवीन बोर्ड केला. पेंटर रंगवत असताना समोरचा आला, बघून गेला, आणि आठवड्यात त्याच पेंटरकडनं त्याच अक्षरांत तोच मजकूर. पेंटरला विचारलं तर म्हणतो, "मालक, मी काय करू, त्यानं फोटोच आणला होता. दोनशे जास्त घेतले त्याच्याकडनं."