तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या मागांमुळे कारखाना टिकला का?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तो पाहायला आलेले व्यवस्थापनाचे विद्यार्थी असोत की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे, सगळे शेवटी एकच विचारतात: ‘‘आजूबाजूचे इतके कारखाने बंद पडले, तुम्ही नवे तंत्रज्ञान आणलेत म्हणूनच टिकलात ना?’’ हो म्हणून विषय संपवता येतो, पण ते उत्तर अर्धेच खरे आहे.

सोलापूरला यंत्रांचे अप्रूप कधीच नव्हते. १८७७ साली येथे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली तेव्हा तिची वाफेवरची यंत्रे हेच त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते; पुढे नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली, आणि आज त्यांपैकी एकीचाही भोंगा वाजत नाही. यंत्र पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळते, कापडधंद्यातल्या पानिपतच्या कारखानदारालाही मिळते. त्यामुळे केवळ खरेदीच्या बळावर मिळालेली आघाडी पुढच्या खरेदीदारापर्यंतच टिकते.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. कर्ज काढून मी दोन रॅपिअर माग आणले. जुन्या मागावर आडवा धागा वाहून नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातो आणि त्यातली सुताची कांडी संपली की काम थांबते. रॅपिअरला धोटाच नसतो, आडवा धागा चिमट्यासारखा पकडून ओढला जातो, आणि वेग दुपटीच्या वर जातो. कागदावरचा हिशेब सुरेख होता. मग एप्रिल उजाडला, पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि उभे धागे पटापट तुटू लागले. मिस्त्रीने ताण कमी-जास्त करून पाहिला, मी सूत देणाऱ्याशी भांडलो, उपयोग शून्य. शेवटी मागावरचा विणकरच म्हणाला, ‘‘मालक, सकाळी कुठं तुटतंय? बारानंतर बघा.’’ मजुरी नगावर असल्याने तुटलेला धागा आधी त्याच्या खिशाला लागतो. त्याचे लक्ष माझ्यापेक्षा बारीक असणे साहजिक होते. गंमत अशी, की माग प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण स्वतःच नोंदवून ठेवत होता, आणि मी ती नोंद एकदाही उघडली नव्हती. उघडली तेव्हा विणकराचे म्हणणे तंतोतंत जुळले. कापसाचे सूत कोरड्या हवेत कमजोर होते. जुन्या मागाच्या मंद वेगात ते निभावून जाई, नव्या वेगात निभावेना. हवेत ओलावा राखणारी यंत्रणा बसवली, सायझिंग, म्हणजे उभ्या धाग्यांना दिली जाणारी खळ, सुधारून घेतले, तेव्हा कुठे ते माग कमावू लागले. या दोन्हींचा खर्च मागांच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता.

खरा फरक पाडला तो इलेक्ट्रॉनिक जकार्डने, म्हणजे मागावर नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्रणेने, आणि त्याविषयी मला कोणी विचारत नाही. पूर्वी नवी नक्षी म्हणजे आलेखाच्या कागदावर चौकोन भरणे, मग प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक याप्रमाणे पुठ्ठ्याची कार्डे पंच करून ओवणे. त्यात दिवसच्या दिवस जात, आणि तो खर्च भरून निघावा म्हणून मोठा लॉट असल्याशिवाय आम्ही नव्या नक्षीला हातच लावत नव्हतो. आता नक्षी संगणकावर काढून पेन ड्राइव्हने मागाला देता येते. एखाद्या हॉटेलला स्वतःचे नाव विणलेले दोनशे टॉवेल हवे असले, तरी मी ते नाकारत नाही. स्वस्त मालाशी दरात झुंजणे मला जमले नसते. छोट्या, नेमक्या मागण्या घेणे जमले. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मला अभिमानही आहे, परंतु हॉटेलचा खरेदी अधिकारी आधी नमुना कधी मिळेल हे विचारतो.

अलीकडे कापडातले दोष ओळखणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे घेऊन एक विक्रेता येतो. माझ्याकडे तपासणीच्या टेबलावर दोन बायका बसतात आणि माझ्या उत्पादनाला सध्या त्यांची नजर पुरते. तरीही मी त्याला सरळ नकार दिलेला नाही. येत्या मे महिन्यात एका मागावर महिनाभर कॅमेरा लावून दाखवा, असे सांगितले आहे, आणि त्या मागावर कोण बसणार हेही त्याच विणकराशी बोलून ठरवले आहे.