पेडणे ते काणकोण: करमल घाट, समुद्राची खारी हवा आणि गाडीचं चार्जिंग

पावसाळा सरत आला की आम्ही घरचे सगळे काणकोणला जातोच. पेडण्याहून निघून म्हापसा, पर्वरी, अटल सेतू, मग कुठ्ठाळीचा नवा पूल, वेर्णा, मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी आणि शेवटी करमल घाट. रस्ता मडगावपर्यंत झकास आहे, पुढे सिंगल आणि वळणावळणाचा. पेट्रोल, खाणंपिणं काय ते मडगाव नाहीतर कुंकळ्ळीला उरकून घ्या, घाटात नुसतं जंगल आहे, गाडी अडली तर तिथे कोणी मेकॅनिक नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

बाळ्ळीला चहाला थांबलो होतो, तिथून निघताना सेल्फ जड मारला, घर्र घर्र करत कशीबशी चालू झाली. घाटात अंधार पडला, पाऊसही आला, हेडलाइट, वायपर, एसीचा पंखा सगळं चालू आणि वळणावर स्पीड कमी झाला की हेडलाइट पिवळे पडायचे. पण डॅशबोर्डवर बॅटरीची लाल बत्ती काही लागली नाही. एसी बंद केला, चावडीपर्यंत, म्हणजे काणकोणच्या बाजारापर्यंत, गाडी कुठेही बंद केली नाही, नीट पोचलो.

आता मुद्द्याचं. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो "बॅटरी गेली, नवी टाका", आम्हाला पण चावडीत एकाने तेच सांगितलं. माझं कळकळीचं सांगणं आहे, मोजल्याशिवाय एक रुपया घालू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, गाडीत ठेवाच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 यायला हवं. वाढलंच नाही तर चार्जिंग होत नाहीये, सतत 15 च्या वर असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, बॅटरी उकळून मरेल. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच व्होल्टेज कमीजास्त करतो, तिथे हेडलाइट आणि पंखा लावून मोजा, एका आकड्यावरून घाबरू नका.)

सकाळी आमची बॅटरी 12.2 होती. इंजिन, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर फक्त 12.4. सगळे म्हणाले डायनेमो गेला, म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा. पण फॅनबेल्ट घट्ट होता, आणि मल्टिमीटरची लाल वायर अल्टरनेटरच्या जाड बोल्टला, काळी त्याच्याच बॉडीला लावली तर 14.2! म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, करंट वाटेत अडकतोय. लाल बत्ती का लागली नाही ते पण इथेच कळलं, बत्ती अल्टरनेटरवर नजर ठेवते, वाटेतल्या वायरवर नाही.

मग वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजलं. अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत 0.1, उत्तम. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 1.7. तिथे 0.2 च्या वर गेलं की शंका घ्यायची. 12.4 अधिक 0.1 अधिक 1.7, बरोबर 14.2, हिशोब पैशापैशाला जुळला. दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला परत जाणाऱ्या वाटेत. खात्रीसाठी इंजिन बंद करून जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं, बेल्टपासून लांब, आणि चावी फिरवली तर सेल्फ एकदम कडक!

बाजारातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला आकडे सांगितले, तो म्हणाला, "दादा, आमच्याकडे समुद्राकाठच्या गाड्यांचं हेच असतं." इंजिनवरून बॉडीला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी काढली, वरून काळपट पण धड दिसणारी, बोल्टखाली मात्र हिरवी भुकटी, बोटाने चिमटली तर तारा तुटून हातात आल्या. नवी पट्टी टाकली, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, वर ग्रीस. लगेच बॅटरीवर 14.1. बॅटरी तीच जुनी, अजून चालते आहे.

नंतर पाळोळे, आगोंद, काब द राम निवांत झालं. गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, सीझनमध्ये किनाऱ्यावर लाइट मारू नका.

किनाऱ्यावर गाडी अगदी लाटांसमोर लावू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर इंजिन बंद करून आधी मायनस काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून डायनेमो तपासायची जुनी पद्धत कोणी करत असेल तर थांबवा, व्होल्टेज उसळून ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) उडू शकतो. चार्जिंग बरोबर असूनही सकाळी बॅटरी उतरलेली असेल तर गाडी लॉक करून थोड्या वेळाने, सगळं शांत झाल्यावर, मायनसची वायर काढून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये (सिरीजला) अँपिअरवर ठेवलेला मल्टिमीटर लावून करंट बघा, 50 मिलिअँपिअरच्या फार वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टम नाहीतर डॅशकॅम सापडतो.