हवेसाठी अडवलेली गाडी

लेहजवळच्या एका छोट्या पुलाच्या विंग वॉलचं, म्हणजे बाजूची माती अडवणाऱ्या भिंतीचं, काँक्रीट होतं. पहिला ट्रान्झिट मिक्सर आला, स्लंप, म्हणजे मालाचा पातळपणा, मनासारखा मिळाला. मग मालात हवा किती ते मोजणाऱ्या एअर मीटरचं भांडं तीन थरांत भरलं, प्रत्येक थर ठोकला, कड स्वच्छ पुसून झाकण आवळलं. काटा २.६ टक्क्यांवर! गोठण-वितळणीच्या जागी २० मिमी खडीच्या मालाला आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट-मानकाप्रमाणे ५ टक्के हवा हवी, फार तर एक टक्का इकडे-तिकडे. दुसरा नमुना, २.८. गाडी थांबवली.

आमचे फोरमन काका बीडकडचे. म्हणाले, "साहेब, हवा कमी म्हणजे माल भरीव. क्यूब उलट चांगलाच येईल."

क्यूबपुरतं, म्हणजे ताकद तपासायला दाबून फोडतात त्या ठोकळ्यापुरतं, त्यांचं खरं होतं. हवा एक टक्का वाढली की ताकद साधारण पाच टक्क्यांनी उतरते. पण क्यूबचा आकडा आला की काँक्रीट पास, ही समजूत मला पटत नाही, निदान लडाखमध्ये तरी नाही.

काकांना शेजारच्या जुन्या कठड्यापाशी नेलं. उत्तरेची बाजू बरी होती. दक्षिणेची पार सोललेली, खडी उघडी पडलेली, नखाने खरवडलं तरी मसाल्याचा भुगा पडत होता. सावलीतला बर्फ हिवाळाभर गोठूनच राहतो. उन्हातला दुपारी वितळून आत मुरतो आणि रात्री पुन्हा गोठतो. गोठताना पाणी ९ टक्के फुगतं. भिजलेल्या काँक्रीटमध्ये त्याला सरकायला जागा नसली की ते आतून फोडतं. ही जागा हवेचे बुडबुडे देतात. अ‍ॅडमिक्श्चरने, म्हणजे मालात घातलेल्या रसायनाने, धरलेले बुडबुडे इतके बारीक, की सिमेंटच्या पेस्टमधल्या कुठल्याही पाण्याला ०.२ मिमीच्या आत एखादा सापडावा. व्हायब्रेटरने आपण काढतो ती मोठी पोकळी वेगळी.

काकांनी कठड्यावरून हात फिरवला. "मग डोस वाढवा."

अ‍ॅडमिक्श्चरचा डोस वाढवला, ड्रम जोरात फिरवला, पुन्हा मोजलं: ४.९. तोवर काँक्रीटच्या प्लँटवरून कळलं, क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूची, नवी खेप लागली होती, धुळीने भरलेली. इतकी बारीक धूळ हवा धरू देत नाही. ती वाळू बाजूला काढायला लावली.

माल पंपाने चढवायचा होता, आणि पंपातही हवा जाते. काकाच म्हणाले, "मग नमुना नळीच्या तोंडाशी घेऊ." तिथे ४.३ आली. ओतायला सांगितलं.