तूरडाळीचं आडनाव

मॉलमध्ये डाळींच्या फळीसमोर मी फार वेळ लावते, अशी घरच्यांची तक्रार आहे. ती खरी आहे. डावीकडे नावाजलेल्या कंपनीची तूरडाळ असते. तिच्या पाकिटावर शेत, सूर्य आणि हसरी गृहिणी. उजवीकडे त्याच दुकानाची स्वतःची डाळ, साध्या पारदर्शक पिशवीत, वर एक कागदी पट्टी. दोन्ही पिवळ्या, दोन्ही तुरीच्याच. किलोमागे फरक मात्र असा की त्यात कोथिंबिरीची जुडी आणि चार लिंबं यावीत. मी दोन्ही पाकिटं उलटी करते आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागते. इथे नवरा ट्रॉली घेऊन पुढे निघून जातो.

मागे काय असतं? परवान्याचा चौदा अंकी आकडा दोन्हीकडे असतो. पॅकिंगची तारीख, वजन, किंमत आणि हल्ली किलोला किंवा ग्रॅमला किती पडतं तेही छापलेलं असतं. उत्पादक कोण, पॅकिंग कुणाचं आणि विकणारा कोण, या ओळी कंपनीच्या डाळीवरही अनेकदा वेगवेगळ्या असतात, म्हणजे पिशवी भरणारा भलताच कुणी. आपल्याकडे तुरीची भरड लातूर-अकोल्याच्या डाळ मिलमध्ये होते. गिरणीतून बाहेर पडेपर्यंत डाळीला आडनाव नसतं, ते पिशवी चिकटवताना लागतं. दाणा एकसारखा आहे का, चुरा किती, रंग जास्तच चकाकतोय का, हे पारदर्शक पिशवीतून दिसतं. हसऱ्या गृहिणीच्या मागे ते दिसत नाही. म्हणून माझा हात उजवीकडे जातो.

सासूबाईंना या सगळ्याची गंमत वाटते. त्यांचं माहेर मिरजेचं. महिन्याची यादी वाण्याकडे टाकायची, दोन दिवसांनी त्याचा मुलगा सायकलवर पोती आणि पुड्या घेऊन यायचा, हिशोब वहीत. जिरं-मोहरी वर्तमानपत्राच्या पुडीत, वर दोरा गुंडाळलेला. तो दोराही नीट सोडवून रिळाला गुंडाळून ठेवायचा, फुलपुडीला उपयोगी पडतो. "डाळीला कसलं आलंय गं नाव? दुकानदाराला नाव असलं की झालं," असं त्या म्हणतात. डाळ शिजली नाही तर त्यांच्या आई दुसऱ्या दिवशी वाटीभर डाळ पदराखाली घेऊन दुकानात जायच्या आणि वाण्याच्या बायकोला आधी गाठायच्या. पुढची डाळ शिजायची.

विश्वास होता तो माणसावर आणि त्याच्या दारावर. तो डळमळला तेव्हा पाकिटबंद कंपन्यांना जागा मिळाली. तिखटात विटेची भुकटी, हळदीत नको तो पिवळा रंग, बेसनात लाखेची डाळ, अशा बातम्या वाचत आमची पिढी मोठी झाली. ती लाख सतत खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे शाळेच्या पुस्तकातही होतं. अशा वेळी बंद पिशवी आणि तिच्यावरचं मोठं नाव म्हणजे मोठाच दिलासा. 1983 मध्ये टाटांचं मीठ पिशवीतून आलं. बरणीतलं ओलसर खडे मीठ गेलं, आणि मीठ नावाच्या वस्तूचीही जाहिरात होऊ शकते हे कळलं. तेव्हा त्या नावाचे पैसे मोजणं योग्यच होतं, कारण बाकी मिठाबद्दल खात्री कशाची?

आज मात्र मिठाचं गणित वेगळं आहे. देशातलं बहुतांश मीठ गुजरातच्या आगरांतून येतं. खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच असलं पाहिजे असा कायदा आहे, आणि ग्राहकाच्या हाती येताना त्यात दहा लाखांत किमान 15 भाग आयोडीन हवं, हेही ठरलेलं आहे. नियम नावाकडे बघून बदलत नाही. साखरेचंही तसंच. कोल्हापूर-सांगली-नगरच्या कारखान्यांतून निघणारी साखर एस-30, एम-30 अशा प्रतींनी विकली जाते. पहिलं अक्षर दाण्याच्या आकाराचं. बारीक दाणा हवा की मध्यम, एवढं ठरलं की कुणाच्या पिशवीतून आली याला काय अर्थ? गंधकाशिवाय शुद्ध केलेली साखर खरोखर निराळी असते, जास्त पांढरी, जास्त महाग. ती हवी असेल तर पिशवीवर तसं लिहिलेलं शोधावं. मला चहात, शिऱ्यात आणि लिंबाच्या लोणच्यात तिचा फरक लागत नाही.

याबाबत अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी एक फार मजेशीर गोष्ट तपासली. 2015 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डोकेदुखीची गोळी घेताना औषधं कळणारे लोक, म्हणजे फार्मासिस्ट, डॉक्टर, काय घेतात? ते बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा नामवंत कंपनीची गोळी सोडून दुकानाची स्वतःची स्वस्त गोळी उचलतात. आणि मीठ, साखर, खाण्याचा सोडा घेताना व्यावसायिक आचारी काय करतात? तेच. ज्याला आत काय आहे हे ठाऊक आहे, तो वेष्टनाचे पैसे देत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या केटररकाकांची आठवण झाली. पाचशे पानांचं जेवण करणारा माणूस, पण त्यांच्या कोठीत ओळखीचं एकही पाकीट दिसायचं नाही. सगळी पोती. आणि त्यांच्या वरणाला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय.

आमच्या लेकीचं म्हणणं निराळं. तिच्या मैत्रिणी येणार असतील तर ओट्यावर दुकानाच्या नावाचं सॉस दिसायला नको. सॉसच्या बाबतीत तिचं चवीपुरतं खरंही असेल, पण चवीचा मुद्दा ती काढतच नाही, तिला फक्त बाटली दिसते. मी तिला स्वयंपाकघराकडे बोट दाखवते. आमच्याकडे डाळी, रवा, पोहे, साबुदाणा, सगळं आणल्या दिवशी डब्यांत जातं. पिशवीचं आयुष्य दुकान ते ओटा, फार तर दोन तास. एकदा स्टीलच्या डब्याचं झाकण लागलं की तूरडाळ निव्वळ तूरडाळ होते. उलट जी नावं खरोखर वर्षानुवर्षं आमच्या घरात नांदतात ती रिकाम्या बाटल्यांवरची. बोर्नव्हिटाच्या बरणीत मेथ्या आहेत. हॉर्लिक्सच्या बाटलीत, तिचं लेबल निम्मं सोललेलं, धने. डालड्याचा तो पिवळा डबा, त्यावर खजुराचं हिरवं झाड, आजीकडे तुळशीची माती भरायला होता. एवढी जाहिरात त्या कंपन्यांना फुकटात कुणी केली असती?

दुकानाच्या स्वतःच्या मालाला आपण मॉलबरोबर आलेली नवी गोष्ट समजतो, पण मुंबईकरांना ती बऱ्याच आधीपासून माहीत आहे. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. 1975 सालची ही संस्था. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची छापील यादी भरून द्यायची, मग घाऊक खरेदी करून आणलेला माल टेम्पोने एकाच घरी उतरणार आणि तिथे सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. आमची पाळी असली की बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. कुणाचे शेंगदाणे कुणाच्या पिशवीत गेले यावरून दर वेळी फोन. आणि तिथल्या गुळाची, पोह्यांची पिशवी इतकी साधी असायची की तिच्याकडे बघून कुणाला काही विकत घ्यावंसं वाटलं नसतं. पण आईला खात्री असायची, कारण माल निवडणाऱ्या बायका तिच्यासारख्याच होत्या. नायगावातून 1948 मध्ये सुरू झालेल्या अपना बाजारमध्येही माणसं अशीच जायची, दुकानावर भरवसा ठेवून. तेव्हा 2002 मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं आणि पुढे काजू-बदामांच्या पाकिटांवर 'प्रीमिया' हे त्या दुकानाचं स्वतःचं नाव दिसायला लागलं, तेव्हा आमच्या आईने ते फार सहज उचललं. सासूबाईंच्याच भाषेत सांगायचं तर वाणी परत आला, फक्त आता त्याच्याकडे बारकोड आहे.

आता त्या वाण्याची बायको कुठे गाठायची, हा प्रश्न राहतोच. मॉलमध्ये माल बिल दाखवून परत करता येतो, कटकट न करता घेतातही, पण डाळ का शिजली नाही हे सांगायला तिथे कुणी नसतं. काउंटरवरच्या मुलीला ते ठाऊक असण्याचं कारणही नाही. शिवाय दुसरं एक मला खुपतं. कुठला चिवडा, कुठलं लोणचं, कुठला मसाला किती खपतो, हे सगळ्यात आधी दुकानाला कळतं. मग तोच पदार्थ दुकानाच्या नावाने, नजरेच्या उंचीवरच्या फळीवर, थोडा स्वस्त. आणि ज्या छोट्या घरगुती मसालेवाल्या बाईंनी तो आधी खपवून दाखवला, त्या खालच्या फळीवर फिनेलशेजारी. डाळ-साखरेत मी दुकानाची बाजू घेते, पण गोडा मसाला आणि मेतकूट मी दुकानाच्या नावाचं घेत नाही. ते करणारा हात निराळा असतो आणि त्या हाताचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. हे तत्त्व म्हणून सोपं आहे. मेतकूट महिनोन्‌महिने पुरतं, त्यामुळे मला परवडतंही.

दुकानाचं नाव दुकानाबरोबरच जातं, हाही एक घोळ. बिग बझारमध्ये 'टेस्टी ट्रीट'चे नूडल्स आणि 'गोल्डन हार्वेस्ट'चे रवा-मैदा आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी असायचे. 2022 मध्ये ती दुकानं गेली आणि ती नावंही फळीवरून उतरली. कंपनीचं बिस्किट एका दुकानात नसेल तर कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतं. दुकानाच्या बिस्किटाला दुसरं घर नसतं.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिच्या कपाटात उघडलं ते पाकीट 'स्वाद'चं. पोहे स्वाद, साबुदाणा स्वाद, राजगिरा स्वाद. मला वाटलं मोठी कंपनी असेल. नंतर कळलं, हे पटेल ब्रदर्सच्या घरचंच नाव. शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर 1974 मध्ये त्यांचं पहिलं दुकान निघालं. तिकडे आषाढी एकादशीची खिचडी करणाऱ्या मराठी बाईला साबुदाणा कुठल्या कंपनीचा, हा प्रश्नच पडत नाही. मिळाला, हेच खूप. आणि तिच्या मुलांसाठी तर साबुदाण्याचा अस्सल ब्रँड 'स्वाद'च. इकडे येऊन ती आमच्या सुट्या साबुदाण्याकडे संशयाने बघतात.

चहाच्या बाबतीत आमच्याकडे प्रयोगाला परवानगी नाही. आणि हा हट्ट मला पटतो, कारण चहा म्हणजे साखर नव्हे. वेगवेगळ्या मळ्यांचा, वेगवेगळ्या तोडणीचा माल चाखून, मिसळून एक ठरावीक चव वर्षभर तशीच राखायची, हे काम कंपनी खरोखर करते. तिथे नावाचे पैसे नसतात, जिभेचे असतात. सासऱ्यांना सकाळच्या पहिल्या घोटात पावडर बदललेली कळते. ते बोलत नाहीत, फक्त कपाकडे बघतात. तेवढं पुरे होतं.

आणि हिंग. हिंगापुढे माझं सगळं मागचं बारीक अक्षर थकतं. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, म्हणजे खऱ्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेला. खरा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून येतो. हिमाचलातल्या लाहौलमध्ये 2020 मध्ये त्याची लागवड सुरू झाली, पण त्या झाडाला तयार व्हायलाच वर्षं लागतात. घटकांच्या यादीत पीठ आधी येतं की डिंक, यावरून काहीतरी अंदाज बांधता येतो, पण पाकिटातून वास येत नाही आणि दुकानात ते फोडता येत नाही. दुकानाचा हिंग घ्यावा की पिवळ्या डबीतला, यावर आमच्या घरी दोन तट आहेत. मी आणि लेक दुकानाच्या बाजूने, नवरा डबीच्या. सासूबाई दोन्हीकडे नाहीत. मिरजेहून कुणी येणार असलं की त्या आधी फोन करतात, तिकडच्या एका दुकानातला खडा हिंग मागवतात, आणि आला की आम्हा तिघांच्या नाकाखाली धरून विचारतात, "आता बोला."