आगोट फिरत्या घराची : तिसऱ्या हंगामाची नोंद

ऑक्टोबर, दुसरा आठवडा, चिपळूण

ताडपत्री काढून व्हॅनचे मागचे दार उघडले तेव्हा ओल्या गोणपाटासारखा कुबट वास अंगावर आला. गादीच्या खालच्या बाजूस बुरशीचे तळहाताएवढे ठिपके होते, पोळपाटावर हिरवट थर चढला होता आणि बिडाचा तवा गंजून तांबडा झाला होता. शेगडीच्या एका बर्नरमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घरटे बांधले होते, आणि मिठाच्या बरणीत मिठाऐवजी चार बोटे खारे पाणी होते. यातले काहीही निष्काळजीपणामुळे झालेले नव्हते, हेच मला अधिक लागले. मे महिन्यात मी गाडी अतिशय नेटाने बंद केली होती, मात्र ती भलत्याच मुलखाच्या पद्धतीने बंद केली होती.

फिरत्या घरांविषयीचे बहुतेक मार्गदर्शन थंड देशांतून आलेले आहे. तेथे गाडी मिटवण्याचा काळ म्हणजे हिवाळा. नळ्यांतील पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून ते सगळे काढून टाकतात, नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरतात, आणि थंडी व उंदीर आत शिरू नयेत म्हणून फटी बुजवतात. मी ग्लायकॉल भरले नाही एवढेच. फटी मात्र एकूण एक बुजवल्या, झरोक्यांना आतून चिकटपट्ट्या लावल्या आणि ताडपत्री छताला घट्ट आवळून बांधली. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे असा हवाबंद डबा चार महिने ठेवणे म्हणजे बुरशीला बिनभाड्याने घर देणे होय. आईने दारात उभे राहून आत एकदा पाहिले आणि म्हणाली, “आगोटीला आपण सामान आधी वाळवतो, मग भरतो. तू न वाळवताच झाकण लावलेस.” आगोट म्हणजे पावसाळ्याआधी करायची साठवण. या हंगामात मी जे जे केले ते या एका वाक्याच्या आधाराने केले आहे, म्हणून ते सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

दुरुस्तीला आठ दिवस गेले. बर्नर तारेने व टाचणीने साफ केला, रबरी नळी पाच वर्षांची होत आली होती म्हणून बदलली आणि सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. तवा नारळाच्या काथ्याने व राखेने घासून पुन्हा वळणावर आणला. येथे एक चूक अनेकांकडून होते व माझ्याकडूनही दोन वर्षे झाली. कोकणात हाताशी खोबरेल असते म्हणून आपण तेच चोपडतो. खोबरेल गंज थोपवते, परंतु तापवल्यावर त्याचा टणक, चिकटून बसणारा थर तयार होत नाही; तो जवसाच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलाचा होतो. जवसाच्या तेलाचा पुसटसा हात देऊन, धूर येईपर्यंत तापवून व पुन्हा थंड करून असे पाच वेळा केल्यावर तव्यावर पहिले घावन न चिकटता सुटले.

नोव्हेंबर अखेर, हर्णै, दाभोळ, गुहागर

पहिली फेरी मुद्दाम लहान ठेवली. दापोलीमार्गे हर्णैला संध्याकाळच्या मासळी लिलावाच्या वेळी पोहोचलो, लिलाव संपल्यावर बांगड्यांचा एक वाटा घेतला आणि दुसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने खाडी ओलांडून गुहागरच्या बाजूला उतरलो. बोटीवर चढण्यापूर्वी सिलिंडरची झडप बंद करण्याचा नियम आम्ही घाटांनाही लावला आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला तर तो वर न जाता तळाशी साचतो; म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला तळाशीच एक उघडे भोक ठेवले आहे आणि गॅसची सूचना देणारे यंत्र पायाच्या घोट्याच्या उंचीवर बसवले आहे. ते छताजवळ बसवलेले मी दोन गाड्यांत पाहिले. त्यांच्या मालकांनी ते कृपया खाली आणावे.

बांगड्यांचे तिखले केले. बर्फाची पेटी जवळ असली तरी प्रवासात तिच्यावर फार विसंबू नये असे माझे मत झाले आहे, आणि तिखले हा त्यावरचा जुना उपाय आहे. त्यात ओला नारळ नसतो, आमसुलांची आंबट बाजू भक्कम असते, तिरफळे ठेचून घातलेली असतात आणि रस्सा आटवून अंगाबरोबर ठेवलेला असतो. रात्री केलेले तिखले सकाळी पुन्हा एक कढ आणून भाकरीबरोबर खाल्ले तर ते आदल्या रात्रीपेक्षा चांगले लागते. नारळाच्या वाटपाचे कालवण मात्र त्याच जेवणात संपवावे.

इंधनाचा हिशेब या फेरीत प्रथमच नीट ठेवला. निघताना व परतल्यावर पाच किलोचा सिलिंडर काट्यावर ठेवला, तेव्हा दोन माणसांच्या पाच दिवसांच्या स्वयंपाकाला ९०० ग्रॅम गॅस लागल्याचे दिसले, म्हणजे दिवसाला १८० ग्रॅम. एक किलो एलपीजीपासून सुमारे पावणेतेरा युनिट उष्णता मिळते. त्या मानाने आमचा रोजचा खर्च २.३ युनिट झाला. आमची १२.८ व्होल्टची व १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात १.२८ युनिटच असतात. इंडक्शनवर उष्णता कमी वाया जाते हे धरूनही सगळा स्वयंपाक विजेवर केला तर दिवे, पंखा व फ्रिजसाठी जवळजवळ काहीच उरणार नाही. त्यामुळे छतावर आणखी सौर पट्टे लावण्याचा बेत सोडून दिला आणि गॅस वाचवण्याकडे वळलो.

तो वाचला पेजेत. उकड्या तांदळाची पेज शेगडीवर शिजवायची तर पाऊण तास ज्योत चालू राहते. आता जाड बुडाच्या टोपात तांदूळ दहा मिनिटे खळखळून उकळतो, घट्ट झाकण लावतो आणि काथ्या ठासून भरलेल्या लाकडी पेटीत टोप बसवून वर घोंगडी टाकतो. तीन तासांनी मोजले तेव्हा आतले तापमान ७१ अंश होते व शीत पूर्ण फुललेले होते. तापमान ६० अंशांच्या खाली गेलेली पेज तशीच पेटीत ठेवू नये. ती लगेच खावी किंवा पुन्हा उकळावी.

जानेवारी, अलिबागची बाजू

हा भाग सविस्तर लिहितो, कारण उघड्यावरच्या स्वयंपाकात पोपटीइतकी, म्हणजे उपड्या मडक्यात शेंगा शिजवण्याइतकी, कमी भांड्यांची व जास्त अकलेची दुसरी रीत मला ठाऊक नाही. रायगडात भाताची कापणी झाल्यावर जमिनीतील उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या शेंगा भरल्या की थंडीत पोपटीचे दिवस येतात. ओळखीच्या शेतकऱ्याने कापणी झालेल्या खाचरात गाडी लावायला परवानगी दिली आणि रीतही त्यांनीच शिकवली.

मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून घालायचा. त्यावर जाडे मीठ व ओवा चोळलेल्या न सोललेल्या शेंगा, मध्ये बटाटे, कांदे व अंडी, हवी तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पुन्हा भांबुर्डी इतकी घट्ट कोंबायची की मडके उपडे केल्यावर आतले काही पडू नये. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती व वर पेंढा, काटक्या, सुकलेल्या झावळ्या रचून पेटवायचे. शेंगांच्या अंगच्या पाण्याची वाफ होते, तोंड खाली असल्याने ती चटकन बाहेर पडू शकत नाही, आणि पाला करपण्यापासून वाचवतो व स्वतःचा कडसर, ओव्याच्या जवळ जाणारा वासही देतो.

माझे पहिले मडके दहाव्या मिनिटाला तडकले. ते मी सकाळीच धुऊन ओले ठेवले होते आणि एका बाजूला सुरूची जाड लाकडे लावली होती. सुरूची आच प्रखर असते, त्यामुळे एक बाजू भडकली व दुसरी थंड राहिली. शेतकऱ्यांनी दुसरे मडके घेतले, चारी बाजूंनी सारखा पेंढा लावला आणि जाळ वाऱ्याच्या बाजूने न पेटवता आडून पेटवला. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. ते चर्र आवाज करून क्षणात उडाले, म्हणजे झाली. आता मी मडके दोन दिवस आधी उन्हात ठेवतो. (वाळवणे येथेही आडवे आले, हे आईला अद्याप सांगितलेले नाही.)

शेतातील निखारे विझवण्याचे काम आम्ही जेवणाआधी केले, नंतर नव्हे. थंडी होती म्हणून उरलेले निखारे घमेल्यात घालून गाडीत न्यावेत अशी सूचना आमच्यापैकी एकाने केली होती. ती मी तत्काळ फेटाळली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद व्हॅनमध्ये झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

फेब्रुवारी, देवगड ते भोगवे

आचऱ्याजवळ एका नारळाच्या वाडीत मुक्काम होता. संध्याकाळी मी गाडीच्या जमिनीकडच्या बाजूला चूल मांडली, कारण खारा वारा समुद्राकडून येत होता व धूर डोंगराकडे जात होता. पहाटे चहासाठी त्याच चुलीत सोडणे (नारळाच्या सुक्या साली) पेटवली आणि सगळा धूर सरळ गाडीत शिरला. वाडीच्या मालकीणबाई पाणी काढायला आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, “धूर खंय जाता तां आधी बघ रे झिला, मगे चूल मांड.” रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, वारा उलटतो आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, हे शाळेत पाठ केलेले असूनही चूल मांडताना आठवले नव्हते. आता चूल गाडीपासून किनाऱ्याला समांतर दिशेने थोड्या अंतरावर मांडतो, म्हणजे वारा समुद्राकडून आला वा जमिनीकडून, तरी दार मोकळे राहते. चुलीला जांभ्याचे दगड घेताना ते कोरडे आहेत ना हेही पाहतो. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरतो, आणि आचेत तडकून त्याचा कपचा उडू शकतो.

वाळूवर गाडी नेऊ नये आणि जाळही करू नये. गाडी रुतते हे एक कारण झाले. शिवाय वाळूत पुरलेला निखारा विझत नाही, तासन् तास धुमसतो आणि सकाळी अनवाणी येणाऱ्या मुलाच्या पायाखाली येतो. याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात व पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात, त्यामुळे जाळ किंवा गाडीचे दिवे त्यांना समुद्राऐवजी भलतीकडे नेतात. खाडीकाठी उभे राहायचे असेल तर तिथीचा जुना हिशेब करतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मात्र पाण्याच्या खुणेपासून आणखी वर सरकतो.

मे, तिसरा आठवडा, चिपळूण

आगोटीची वेळ आली. घरात डंकावरून मालवणी मसाला कुटून आला आहे, कुळीथ भाजून दळले आहेत, आमसुले व आंबापोळी उन्हात आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते म्हणून सोडे व सुके बोंबील आधीच भरले आहेत. पुढच्या हंगामाची गाडीची शिदोरी यातूनच निघेल. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते व तिला फ्रिज लागत नाही. प्रवासात तिच्या तोडीचे काही नाही. हे सगळे डबे यंदा गाडीत न ठेवता घरात, माळ्यावर राहतील.

गाडीचा तळ गोड्या पाण्याने दोनदा धुतला, कारण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते व ते हवेतील ओल ओढून घेते. ते पत्र्यावर राहिले तर पावसाआधीच पत्रा ओला राहतो. गेल्या वर्षीच्या बरणीचे रहस्यही हेच होते. त्यानंतर सलग चार दिवस सगळी दारे उघडी ठेवून गाद्या, पडदे, फळ्या, पोळपाट उन्हात तापवले. पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडेच ठेवले आहे. बॅटरी निम्मी भरलेल्या अवस्थेत तारा सोडवून ठेवली आहे. दोन झरोके उघडे असून त्यांना उंदीर व माश्यांसाठी बारीक जाळी मारली आहे, बर्नरवर कापड बांधले आहे. चाके ओल्या मातीवर राहू नयेत म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवली आहेत. आत दोन खोलगट भांड्यांत कळीचा चुना ठेवला आहे. तो ओल पिऊन फुलतो, म्हणून भांडी अर्धीच भरली आहेत आणि छतातून थेंब पडण्याची शक्यता असलेल्या जागेपासून दूर ठेवली आहेत, कारण पाणी पडले तर चुना तापतो. ताडपत्री छताला न टेकता हातभर वर, बांबूच्या चौकटीवर राहील.

छतावरील झरोक्याच्या कडेला एक चीर सापडली होती. ती आज दुपारी सीलंटने भरली. ते वाळायला पूर्ण एक दिवस लागतो, आणि रोहिणी लागायला अवकाश असला तरी संध्याकाळपासून पश्चिमेला ढग आहेत. म्हणून ताडपत्री आज रात्रीपुरती सैल टाकून एका बाजूने उघडी ठेवली आहे, आणि मी ओटीवरच झोपणार आहे.