फिटनेस सर्टिफिकेटचे ११ दिवस

जिउ-जित्सूची, म्हणजे जमिनीवर पकडी घालून खेळायच्या ब्राझिलियन कुस्तीची, पहिली स्पर्धा खेळून आले त्याला महिना झाला. क्लासमधल्या नव्या मुली विचारतात, तयारी कशी केली? तयारीचं सांगते, पण आधी सर्टिफिकेटचं. माझी अर्धी ताकद तिथंच गेली आणि तो राग अजून उतरलेला नाही.

स्पर्धा मुंबईत होती. फॉर्म दहा मिनिटांत भरून झाला. त्यात खाली एक ओळ होती: सरकारी रुग्णालयाचं फिटनेस सर्टिफिकेट, खेळाच्या नावासह, महिन्याच्या आतलं. मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम. सोमवारी बँकेतून सुट्टी घेतली आणि शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात सकाळी आठला रांगेत लागले. केसपेपर, बीपी, ईसीजी, सगळं साडेअकरापर्यंत आटोपलं. "गुरुवारी खिडकीवरून घेऊन जा," म्हणाले.

गुरुवारी कागद हातात आला. त्यावर लिहिलेलं: "कराटे स्पर्धेसाठी योग्य."

खिडकीतल्या बाबूंना म्हटलं, "भाऊ, हे कराटे नाही." ते म्हणाले, "ताई, मारामारीच आहे ना? काय फरक पडते?" आयोजकांना फोटो पाठवला, तर लगेच उत्तर आलं: चालणार नाही, नाव दुरुस्त करून आणा. दुरुस्तीला नवा अर्ज, अर्जावर मोठ्या साहेबांची सही, आणि साहेब सोमवारपर्यंत रजेवर. सोमवारी पुन्हा सुट्टी टाकली. दुपारी तीनला दुसरा कागद मिळाला. त्यावर "ज्यूदो."

मी तिथल्या बाकावर बसले आणि डोळ्यांत पाणीच आलं. आठ दिवस गेले होते, तीन संध्याकाळी क्लास बुडाला होता आणि कागद पाठवायची शेवटची तारीख होती शुक्रवार. जिउ-जित्सूचं ज्यूदोशी नातं आहे, हे खरं. मित्सुयो माएदा हा जपानी ज्यूदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे बेलेम शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला आणि ग्रेसी घराण्यात हा खेळ वाढला. पण ज्यूदोत समोरच्याला जोरात, नीट पाठीवर आपटलं की इप्पॉन, तिथंच निकाल. आमच्याकडे खरी झटापट तिथून पुढे सुरू होते. पाठीवर पडलेली मुलगी पायांच्या कैचीत धरून ठेवते, उलटवते, गळा आवळते. हे सगळं मी बाबूंना सांगितलं. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये जू-जित्सू होतं, तेही फोनवर दाखवलं. "यादीत नाव नाही," यापुढे गोष्ट सरकेना.

सुटका झाली ती एका तरुण डॉक्टर मॅडममुळे. त्यांनी विचारलं, "गळा आवळता म्हणजे? मग मी फिट कसं लिहू?" प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या टेबलावर तळहात दोनदा आपटून दाखवला. हा टॅप. एवढं केलं की समोरचीनं त्याच क्षणी सोडायचं, नाही सोडलं तर रेफरी सोडवतात. पांढऱ्या पट्ट्याला, म्हणजे माझ्यासारख्या नवख्यांना, टाच पिरगाळायचे, मनगट मुरगळायचे डाव वापरताच येत नाहीत. मॅडमनी ऐकून घेतलं, माझ्याकडून एका चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं आणि अक्षर न् अक्षर बघत स्वतः उतरवलं. त्यावर जावक क्रमांक पडायला आणखी दोन चकरा झाल्या. गुरुवारी, अकराव्या दिवशी, कागद पूर्ण झाला.

म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी खेळाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून केसपेपरला टाचून द्या. कागद घेताना खिडकी सोडायच्या आधी नाव, तारीख, शिक्का, जावक क्रमांक, चारही बघा.

सराव वर्षभर चालला होता. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये कूलर लावला की मॅट दमट होते आणि पाय घसरतो, तेव्हा टॉवेल जवळ ठेवा. गी, म्हणजे आमचा जाड सुती पोशाख, दोन घ्या. उन्हाळ्यात तासाभरात वाळते, पण जुलैत दोन दिवस ओलीच राहते.

वजनाचं राहिलंच. आमच्या स्पर्धेला आयबीजेजेएफचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाचे नियम होते, म्हणजे वजन गी घालूनच, पहिल्या कुस्तीच्या अगदी आधी, आणि संधी एकच. माझा गट ५८.५ किलोचा. गी दीड किलोची, म्हणजे अंगाचं वजन ५७ च्या आतच हवं. घरच्या काट्यावर गी घालून उभी राहत होते, म्हणून त्या दिवशी धास्ती नव्हती. आदल्या संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये आईनं दिलेल्या दशम्यासुद्धा मोजून खाल्ल्या. मुलींना गीच्या आत रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट, सक्तीचा असतो, तो विसरू नका. नखंही कापून जा, बघतात.

पहिली कुस्ती पाच मिनिटांची. तिनं मला पाडलं, दोन गुण तिचे. खाली पडल्या पडल्या मी तिची बाही आणि कॉलर धरली, पायाची कैची फिरवली आणि ती उलटली. उलटवण्याचे, म्हणजे स्वीपचे दोन, वर बसून तीन सेकंद टिकले त्याचे चार. ६-२. हॉलमध्ये मला ओळखणारं कुणी नव्हतं, तरी मी दोन्ही हात वर केले.

दुसऱ्या कुस्तीत तिनं माझा हात कोपरातून ताणला. मी तिच्या मांडीवर दोनदा तळहात आपटला आणि तिनं लगेच सोडलं.

पुढची स्पर्धा पुण्यात आहे. महिन्याच्या आतलं सर्टिफिकेट पुन्हा लागणार, म्हणून चिठ्ठी कालच टाइप करून पर्समध्ये टाकली.