उपासाच्या दिवसाचं प्रकरण: रिचमंड कादंबरीची ताजी नोंद

सातवं प्रकरण एकदाचं उभं राहिलं. तिसरा खर्डा, साधारण चार हजार शब्द. मागच्या वेळी म्हटलं होतं की आता नायिकेला थेट भाकरीच्या दंगलीत नेणार, म्हणजे महागाईने पिचलेल्या बायकांनी रिचमंडची दुकानं लुटली तिथे. नाही नेलं. मध्ये एक दिवस आडवा आला आणि त्याला वळसा घालून पुढे जाणं जमेना.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: काळ अमेरिकन यादवी युद्धाचा, गाव रिचमंड, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची राजधानी, साल १८६३. नायिका लष्कराच्या कोठारातून बेतलेलं कापड घरी आणते, शिवून परत देते आणि नगावर मजुरी घेते. नवरा आघाडीवर. साध्या शिपायाचा पगार महिना ११ डॉलर, तोही हातात पडेल तेव्हा खरा. दोन मुलं.

दंगल झाली २ एप्रिलला. त्याच्या सहा दिवस आधीचा, २७ मार्चचा दिवस दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी देशभर उपास आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला होता. ही तारीख माझ्या टिपणांत वर्षभर पडून होती. टोचली ती मराठीत लिहायला बसले तेव्हा. आपल्याकडे उपास धरतात आणि उपास घडतोही. एकाच शब्दाची ही दोन क्रियापदं, आणि माझं अख्खं प्रकरण त्यांच्यामध्ये उभं आहे. ज्यांच्या घरी कोठी भरलेली, त्यांनी तो दिवस धरला. तिला तो जानेवारीपासूनच घडत होता.

प्रसंग साधा ठेवलाय. चर्चमधून परत येताना धाकटा विचारतो, "म्हणजे आज सगळ्यांचंच आपल्यासारखं?" आणि तो खूश होतो. ती काही बोलत नाही. आधीच्या खर्ड्यात इथे तिचं दीड पान स्वगत होतं, देव, युद्ध, श्रीमंत सगळ्यांवर. पूर्ण काढलं. मुलाच्या त्या आनंदापुढे ते पोकळ वाटत होतं.

भावांचा प्रश्न मात्र चांगला सुटला. जानेवारी १८६३मध्ये रिचमंडच्या एका दैनिकाने लहान कुटुंबाचा आठवड्याचा किराणा मांडला होता: १८६०मध्ये ६ डॉलर ५५ सेंट, आता ६८ डॉलर २५ सेंट. डुकराचं खारवलेलं मांस साडेबारा सेंट पौंड होतं, ते एक डॉलर झालं. कॉफी साडेबारा सेंटवरून पाच डॉलरवर. त्या यादीत आठवड्याला दहा पौंड मांस धरलंय, म्हणजे दहा डॉलर, म्हणजे तिच्या नवऱ्याचा जवळजवळ महिन्याचा पगार. हे आकडे निवेदनात घालू नका, असं मी आपल्यातल्या प्रत्येक लिहिणाऱ्याला सांगत आलेय. आकडा पात्राच्या हिशेबात यायला हवा. म्हणून ती यादी तिला पुडीच्या कागदावर सापडते आणि ती एकेक ओळ बोटाने झाकत जाते. कॉफी झाकली. चहा झाकला. लोणी, साखर झाकली. शेवटी उरतं मक्याचं पीठ आणि मीठ. (कॉफीऐवजी लोक राय नावाचं भाजलेलं धान्य, रताळी, अगदी भेंडीच्या बियासुद्धा उकळून पीत. भेंडीच्या बिया मी ठेवल्यात. आपल्या वाचकाच्या जिभेवर ती चव लगेच येईल.)

आता ज्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ते: काजं. ती कोटाला काजं करते असं मी सहज लिहून गेले होते. मग जाडं लोकरी कापड आणलं आणि आठ काजं हाताने करून पाहिली. चीर दिली की धागे लगेच सुटायला लागतात, म्हणून आधी कडेने टाका मारून घ्यावा लागतो. तिसऱ्या काजापासून सुई ढकलणारं बोट दुखायला लागलं. आणि मुख्य म्हणजे, टाके एकसारखे यायला हवेत तर डोक्यात दुसरं काही येतच नाही. "शिवता शिवता तिला जुने दिवस आठवले" हे माझं लाडकं वाक्य चक्क खोटं निघालं. आठवण आली ती दोरा संपल्यावर, नवा ओवताना. म्हणून प्रकरणातल्या सगळ्या आठवणी आता दोरा ओवण्याच्या जागी आणल्यात. त्या छोट्या झाल्या, तुटक झाल्या, आणि प्रकरणाला आपसूक एक लय आली. मेणबत्ती पंधरा सेंटवरून सव्वा डॉलर पौंडावर गेलेली, त्यामुळे हे सगळं खिडकीशी, उजेड आहे तोवर.

१३ मार्चचा, रिचमंडच्या ब्राउन्स आयलंड या बेटावरच्या दारूगोळा कारखान्यातला स्फोट सहाव्या प्रकरणातच ठेवला. चाळीसहून जास्त बळी, बहुतेक बायका आणि मुली. तिथे शेजारची पोर कामाला होती, एवढंच येतं. त्यावर स्वतंत्र कादंबरी व्हायला हवी.

अडलेय ते दुसरीकडे. चिम्बोराझो या लष्करी इस्पितळात भाड्याने आणलेल्या गुलाम माणसांकडून काम करून घेत, मजुरी त्यांच्या मालकाला मिळे. तिथे कपडे धुणारी एक कृष्णवर्णीय गुलाम स्त्री मी आणलीय. दोघी एकाच पंपावर पाणी भरतात. पहिल्या खर्ड्यात मी त्यांची मैत्री लावून दिली होती, दोघी उपाशी म्हणून दोघी सारख्या. ते चूक होतं. माझ्या नायिकेची भूक खरी आहे, आणि तिचा नवरा ज्या सैन्यात आहे ते गुलामगिरी टिकवायला लढतंय हेही खरं आहे. तिला या बाईचं नावसुद्धा विचारावंसं वाटत नाही. आता ती घागर पुढे सारते आणि दुसरी बाजूला होते, रोज, न बोलता. हे लिहिताना माझंच तिच्यावरचं प्रेम कमी झालं. तरी तसंच ठेवणार आहे. तिला माझ्या काळाचं शहाणपण उसनं दिलं तर ती माझी बाहुली होईल.

आठव्यात १ एप्रिलची संध्याकाळ: रिचमंडच्या ओरेगन हिल या वस्तीतल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बायकांची बैठक, दुसऱ्या दिवशी व्हर्जिनिया राज्याचे गव्हर्नर लेचर यांना गाठायचं ठरतं. दंगलीत बायकांनी पीठ आणि मांस उचललं, तसे बूट, कापड आणि दागिनेही उचलले. माझी बाई काय उचलेल याचे तीन पर्याय लिहून झालेत: पिठाची पिशवी, थोरल्याच्या मापाचे बूट, किंवा सुयांची पुडी. उत्तरेच्या आरमाराने केलेल्या बंदरांच्या नाकेबंदीमुळे सुयाही मिळेनाशा झाल्या होत्या. हात सारखा सुयांकडे जातोय. पण धाकटा दारात वाट बघत बसलाय आणि त्याला सुया खाता येत नाहीत, म्हणून सध्या पिठाचा पर्याय पुन्हा लिहायला घेतलाय.